माझ्या बाजूचा ब्रेक

रविवार, २ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी लिहायची. डोक्यात विचार फार येतात आणि घरात ऐकून घेणारं कुणी नाही. ही दिवसभर पाळणाघर चालवते. तिथल्या पोरांचं ऐकून घरी येते तोवर तिचे कान बंद झालेले असतात. भुंग्याचे कान चांगले आहेत, पण त्यांत इअरफोन असतात.
भुंगा म्हणजे माझी मुलगी, वय पंधरा. लहानपणापासून सतत गुणगुणते. दात घासताना, गणितं सोडवताना, बूट घालताना. म्हणून भुंगा. हे नाव मी ठेवलं. मेव्हणा सगळ्यांना सांगत फिरतो की त्याने ठेवलं, म्हणून इथे लिहून ठेवतो.
संकल्प: रोज लिहिणे. चहात साखर अर्धी. मेव्हण्याचा विचार न करणे.

मंगळवार, ४ फेब्रुवारी
भुंग्याच्या शाळेचा मेसेज आला. शनिवारी मुलं आणि पालकांसाठी व्याख्यान. विषय: किशोरवय आणि ऑनलाइन धोके. वक्ते: मेव्हणा.
दोनदा वाचलं. तेच नाव होतं.
मेव्हणा इंटरनेट कंपनीच्या तक्रार विभागात आहे. दिवसभर लोक फोनवर त्याच्या अंगावर ओरडतात आणि तो "बरोबर आहे तुमचं" म्हणतो. ह्याचा पगार मिळतो. मी इतकी वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवतोय. सुरक्षितता हा माझा धंदाच आहे. माझ्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा ब्रेक आणि वेगळा क्लच आहे. शिकणारा कितीही घाबरला तरी गाडी माझ्या पायाखाली थांबते. पण शाळेला मी दिसलो नाही.
हिला म्हटलं, शाळेने जरा विचार करायला हवा होता. ही म्हणाली, तुमच्या पोटात दुखतंय. मी म्हटलं, दुखतंय खरं, दुपारी घाईघाईत जेवलो ना.

शनिवार, ८ फेब्रुवारी
व्याख्यान झालं. निःपक्षपातीपणे ऐकलं. दोष असे: शर्टाची कॉलर एका बाजूने वर. ‘सायबर’ हा शब्द वाटेल तिथे. विनोद सगळे बापांवर. हॉल भरला होता, पण बाहेर उकडत होतं आणि आत पंखे होते, हेही लक्षात घ्यायला हवं.
मुद्दे म्हणाल तर कुणालाही माहीत असलेले. म्हणे, धोका राक्षसाचं तोंड घेऊन येत नाही. तो तुमच्या वयाचा होऊन येतो. तुमच्याबद्दल थोडंफार माहीत असल्याचं दाखवतो, गोड बोलतो. मग घरी कोण कधी असतं ते विचारतो. मग म्हणतो, आपल्यातलं कुणाला सांगू नको. मग फोटो मागतो, नाही दिला की रुसतो. ह्यात काय विशेष? असा माणूस मी लांबून ओळखीन. पुढेही बराच वेळ तो काहीतरी सांगत होता, पण तोवर मी बाहेर पाणी प्यायला गेलो होतो.
परत आलो तर टाळ्या चालू. भुंगा सगळ्यांत पुढे, हात डोक्यावर नेऊन टाळ्या वाजवत होती. मग जाऊन त्याला बिलगली. म्हणाली, मामा, तू कसला भारी बोललास.
तू.
मला ती अहो-जाहो करते. तसं वळणच मी लावलं आहे. मान आहे तो. मामाला अरे-तुरे करते ह्याचा अर्थ उघड आहे. हे मी परतताना गाडीत हिला समजावून सांगितलं. ही खिडकीबाहेर बघत होती.

सोमवार, १० फेब्रुवारी
दिवसभर एकच विचार. टाळ्या वाजवणं वेगळं आणि रस्त्यावर गाडी चालवणं वेगळं. माझ्याकडे कुणाचं शिकून होत आलं की मी बोलता बोलता म्हणतो, इथे लावा गाडी. तिथे ‘नो पार्किंग’ची पाटी असते. लावली की नापास.
मेव्हण्याच्या भाषणाची अशी परीक्षा कुणी घेतली का? नाही. नुसत्या टाळ्या.
योजना सुचली आहे. फार साधी आहे आणि कुणाचंच नुकसान नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी, दुपारी, गाडीत
भुंगा वापरते त्या फोटोंच्या अ‍ॅपवर खातं उघडलं. त्यांनी जन्मसाल विचारलं. सवयीने खरं टाकलं. लगेच गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात आली. ते खातं पुसून दुसरं उघडलं, वय पंधरा. फोटोसाठी मागच्या सीटवर एक निळी छत्री पडलेली दिसली. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या दातांच्या डॉक्टरीणबाई ती कायम विसरतात. तिचाच फोटो काढला. नावही तेच ठेवलं: निळी छत्री. मुलगी, शाळेत जाणारी, चित्रांची आवड.
हेतू स्वच्छ आहे. भुंगा अनोळखी माणसाला फसते का बघायचं. फसली की मेव्हण्याचं भाषण नापास. मग खातं बंद, आणि मी तिला स्वतः बसवून नीट शिकवीन.

गुरुवार, १३ फेब्रुवारी
फसली नाही. छत्रीची रिक्वेस्ट नुसती पडून आहे.
बाप म्हणून आनंद झालाच. पण ह्याचं श्रेय कुणाच्या खात्यात जातं ते आठवलं की तो आनंद घशाखाली उतरत नाही.

शनिवार, १५ फेब्रुवारी
प्रश्नपत्रिका जरा अवघड केली. छत्रीने लिहिलं की मी पूर्वी तुमच्याच चित्रकलेच्या क्लासला सकाळच्या बॅचला होते, सरांचा चष्मा अजून रबरबँडनेच बांधलेला असतो का? भुंग्याला क्लासला मीच सोडतो, त्यामुळे तो चष्मा मला ठाऊक आहे.
दहा मिनिटांत उत्तर आलं. हाहा हो. आणि रिक्वेस्ट मंजूर.
फसली. मेव्हणा सपशेल नापास. संध्याकाळी चहात साखर पूर्ण घातली. उद्या खातं बंद करायचं.

रविवार, १६ फेब्रुवारी
खातं बंद करणारच होतो. पण सकाळी भुंग्याने आपणहून छत्रीला विचारलं, काय करतेयस. उत्तर न देता निघून जाणं बरं दिसत नाही. म्हणून थोडं बोललो. क्लासबद्दल, सरांच्या घोरण्याबद्दल. ती तिच्या खोलीत, मी माझ्या, मध्ये भिंत. मी एक विनोद लिहिला, तर तिने हसल्याचं लिहिलं आणि खरंच भिंतीतून हसू ऐकू आलं. माझ्या विनोदावर ती शेवटची कधी हसली होती ते आठवायला लागलो, आठवलं नाही.
शेवटी म्हणाली, तू मस्त आहेस.
तू म्हणाली. म्हणजे छत्रीला.
परीक्षा एक आठवडा वाढवली आहे. एका वळणावरून कुणाचं ड्रायव्हिंग कळत नसतं.

मंगळवार, १८ फेब्रुवारी
भुंगा छत्रीला म्हणाली, तू टीचरसारखी लिहितेस. तेव्हापासून पूर्णविराम देणं बंद. शब्दही तोडायचे. ‘चाललं आहे’ नाही, ‘चाल्लंय’. फार त्रास होतो. अंगठे दुखतात.
बाथरूममध्ये बसून लिहितो. बाहेरून हिने विचारलं, आत ग्रंथ लिहिताय का? पोट बिघडल्याचं सांगितलं. आता घरात सगळीकडे हीच बातमी आहे आणि मला दोन दिवस दहीभात.

गुरुवार, २० फेब्रुवारी
छत्रीमुळे बरंच कळलं. भुंग्याला गणितात फार कमी गुण पडले. शाळेतल्या सगळ्यांत जवळच्या मैत्रिणीशी तिचं बोलणं बंद झालं आहे, कारण एका ग्रुपमधून भुंग्याला काढलं आणि ही मैत्रीण गप्प राहिली. भुंगा दोन दिवस शाळेच्या बाथरूममध्ये रडली. हे सगळं मामाला माहीत आहे. मामाने म्हणे फोनवर सगळं नुसतं ऐकून घेतलं.
छत्रीने अगदी सहज विचारलं की बाबांना का नाही सांगितलंस.
उत्तर आलं. बाबा चांगले आहेत. पण त्यांना काही सांगितलं की ते शिकवायला लागतात.
मला वाईट वाटलेलं नाही. वयच तसं आहे. आज डॉक्टरीणबाईंच्या तासाला एका सायकलवाल्यावर मी जरा जास्त ओरडलो, पण चूक त्याचीच होती.
जेवताना गणिताचं विचारावंसं वाटत होतं. पण ते मला अधिकृतपणे माहीत नाही. म्हणून गणित ह्या विषयाकडे एकूणच कसं बघावं ह्यावर थोडं बोललो. ताट वाळेपर्यंत बोललो असं ही म्हणते. भुंग्याने इअरफोन घातले.

शनिवार, २२ फेब्रुवारी
ह्या छत्रीबद्दल माझं मत फारसं चांगलं राहिलेलं नाही.
कोण कुठली. ना ओळख ना पाळख. आठवडाभराची मैत्री, आणि भुंगा तिला मनातलं सगळं सांगते. ज्याने कडेवर घेऊन तिला खोकल्याची औषधं पाजली त्याला ‘हो’, ‘नाही’ आणि ‘बघू’. आज जेवताना फोनकडे बघून हसली. मी विचारलं, कोण? म्हणाली, मैत्रीण. माझं डोकंच फिरलं. आजकालच्या मुली कुणावरही विश्वास टाकतात, असं मी मोठ्याने म्हटलं.
मग आठवलं की ती मैत्रीण मीच आहे आणि तो विनोदही माझाच. तरीही राग गेला नाही.
आता ह्या छत्रीला कामाला लावायचं. तिने बाबांची बाजू घेतली पाहिजे.

सोमवार, २४ फेब्रुवारी
छत्रीकडून आज विचारलं: तुझे बाबा घरी कितीला येतात, त्याआधी तू एकटीच असतेस का. हेतू असा की भुंगा म्हणेल, बाबा दुपारी लवकर येतात, मग आम्ही दोघं चहा घेतो. म्हणजे ओघाने चांगला विषय निघेल. तिने लिहिलं, का? मी लिहिलं, सहज.
मग सुचवलं की आपल्यातलं मामाला नको सांगूस, मामा लोक उगाच नाक खुपसतात. हे मनापासून लिहिलं. उत्तर आलं, ह्म्म.
मग म्हटलं, तुझ्या बाबांचा फोटो पाठव ना. तिच्याकडे माझा कुठला फोटो आहे आणि त्याखाली ती काय लिहिते, एवढंच बघायचं होतं. उत्तर नाही. छत्री थोडी रुसली. लिहिलं की विश्वासच नसेल तर मग मैत्री कसली. जरा नाटकी झालं, पण ह्या वयाच्या मुली असंच बोलतात.

बुधवार, २६ फेब्रुवारी
भुंग्याने बऱ्याच वेळाने लिहिलं की मैत्रिणीशी आपणहून बोलायला जावं का. छत्रीने मोलाचा सल्ला दिला: घाई करू नको, हाफ क्लचवर राहा, समोरचा वाट देतो का बघ आणि मगच पुढे सरक.
तिने विचारलं, तुला क्लच कसा माहीत?
मी लिहिलं की मला गाडी येते. मग लक्षात आलं की पंधराव्या वर्षी येत नसते. लिहिलं, म्हणजे बघून बघून. ती त्यानंतर ऑनलाइन दिसली पण बोलली नाही.
डॉक्टरीणबाईंना तासाला सहज विचारलं, एक ओळखीचा गृहस्थ आहे, तो मुलीच्या काळजीपोटी दुसऱ्या नावाने तिच्याशी बोलतो, काय वाटतं? त्यांनी भर रस्त्यात गाडी बंद पाडली. म्हणाल्या की त्या गृहस्थाशी ओळख ठेवू नका. मग म्हणाल्या, माझी मुलगीही काही सांगत नाही, मी विचारत नाही, जेवताना फक्त शेजारी बसते. ही काही पद्धत नव्हे. त्यांचा क्लचही अजून नीट सुटत नाही.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी
भुंग्याचा घसा बसला आहे. सकाळी दरवाजात बाय म्हणाली तर आवाजच फुटेना. दिवसभर माझं कामात लक्ष नव्हतं. दुपारी छत्रीकडून लिहिलं: घसा बसलाय ना, मग आइस्क्रीम खाऊ नको, गरम पाणी पी.
तिने लिहिलं, तुला कसं कळलं माझा घसा बसलाय?
मी घाईत होतो, चौकात गाडी होती. लिहून टाकलं: आवाजावरून.
अर्ध्या तासाने चूक उमगली. आम्ही आजवर एकदाही बोललेलो नाही. नुसतं लिहितो.
मग खुलासा करायला गेलो तर छत्रीला ब्लॉक केलेलं. बरंच झालं. तशीही मला ती आवडेनाशी झाली होती.

शनिवार, १ मार्च, सायंकाळी
आज जे घडलं ते नीट लिहून ठेवतो.
ही पाळणाघरात होती. मी अंगणात गाडी धूत होतो. भुंगा दारात येऊन उभी राहिली. चेहरा पांढरा, फोन दोन्ही हातांत घट्ट धरलेला. म्हणाली, "बाबा, तू जरा आत येतोस?"
तू. पाण्याचा पाइप चालूच राहिला.
आत गेलो तर तिने कडी लावली, पडदे ओढले. मग बसलेल्या आवाजात सगळं सांगितलं. एक मुलगी बनून कुणीतरी बोलतं आहे. मुलगी नाहीच, मोठा माणूस आहे, गाडी चालवणारा. क्लास त्याला माहीत आहे. मी घरी एकटी कधी असते ते विचारत होता. आणि आता तो माझा आवाज ऐकतो. मी ऐकत होतो. एकदाही शिकवलं नाही. तिचा हात माझ्या बाहीला धरलेला होता. म्हणाली, "तू आहेस ना घरी? जाऊ नकोस कुठे."
मी म्हटलं, आहे.
माझ्याकडे आली. मामाकडे नाही. मामाला फोनसुद्धा केला नाही. इतक्या वर्षांत एवढा आनंद मला कशानेच झाला नव्हता. पुढे काय करायचं त्याचा विचार करायला थोडा वेळ लागेल.

रविवार, २ मार्च
विचार झाला. सगळं व्यवस्थित झालं आहे.
खातं कायमचं पुसून टाकलं. मग भुंग्याला आणि हिला सांगितलं की मी त्या माणसाचा बंदोबस्त केला, तो आता कधीच दिसणार नाही. ह्यात एकही शब्द खोटा नाही. ही म्हणाली, कसा केलात? मी म्हटलं, ह्या क्षेत्रात माझ्या ओळखी आहेत. हिने माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघितलं, लग्नानंतर बघायची तसं. भुंगा दिवसभर माझ्या मागे मागे होती. स्वयंपाकघरात गेलो तर स्वयंपाकघरात, गच्चीवर गेलो तर गच्चीवर.
सत्य सांगितलं असतं तर तिला किती वाईट वाटलं असतं. तिच्यासाठी गप्प बसलो.

मंगळवार, ४ मार्च
भुंगा क्लासला गेली नाही. शाळेत मी सोडलं, मीच आणलं. वाटेत प्रत्येक थांबलेल्या गाडीकडे वळून वळून बघत होती. विचारत होती, त्याची गाडी कुठली असेल? मी म्हटलं, काय माहीत.
तिला सांगितलं की तो माणूस गेला आहे. म्हणाली, खातं गेलंय, माणूस कुठे जाईल?
मी गिअर बदलला.
घसा बरा झाला आहे पण ती कुजबुजतेच. घरात सगळे पडदे बंद. हिने कारण विचारलं तर कानात सांगते, तो आवाज ऐकतो. दात घासतानाही गुणगुणत नाही. घर इतकं शांत झालं आहे की फ्रिजचा आवाज येतो. मला तो आवाज सहन होत नाही.

गुरुवार, ६ मार्च
मेव्हणा आला. भुंग्याने सांगितलं नव्हतं, हिने सांगितलं. मला वाटलं येऊन शहाणपणा दाखवील. तो माझा हात धरून म्हणाला, "भाऊजी, बरं केलंत तुम्ही जवळ होतात. मी तेच सांगितलं होतं मुलांना, की असं काही झालं तर आधी घरातल्या माणसाकडे जा, मला फोन नंतर."
मी विचारलं, कधी सांगितलंस? म्हणाला, भाषणात, शेवटी.
म्हणजे मी पाणी प्यायला गेलो होतो तेव्हा. ती माझ्याकडे आली ते त्याने पाठवली म्हणून. संध्याकाळपर्यंत मी ह्याच गोष्टीवर जळत राहिलो. नीच वाटलं, तरी जळत राहिलो.
तो पुढे म्हणाला की भुंग्याने सगळ्या संभाषणाचे स्क्रीनशॉट ठेवले आहेत, हुशार पोरगी. पुरावा आहे, सोमवारी शाळेतल्या बाईंना दाखवू आणि मग पोलिसांत जाऊ. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, जायलाच हवं. मग पोट बिघडल्याचं सांगून बाथरूममध्ये जाऊन बसलो. ह्या खेपेला खरंच बिघडलं होतं.

शुक्रवार, ७ मार्च
मार्ग काढतो आहे. ती मॉक ड्रिल होती असं सांगता येईल. आगीची असते तशी. किंवा शाळेनेच मला गुपचूप नेमलं होतं. किंवा कुणीतरी माझा फोन चोरून वापरला.
दुपारी भुंग्याच्या खोलीबाहेरून गेलो. ती आत अभ्यास करत होती. नकळत एक सूर सुरू झाला, अगदी बारीक. आणि लगेच तिने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. दाराच्या फटीतून दिसलं मला.
मी माझ्या खोलीत येऊन बसलो. मॉक ड्रिल वगैरे काही सांगायचं नाही. पोलिसांना मी भीत नाही असं नाही, भितोच. पण त्यासाठी सांगणार नाही. तिने तोंडावरचा हात काढावा म्हणून सांगणार.

शनिवार, ८ मार्च, सकाळी
सांगितलं.
ही आणि भुंगा दोघी टेबलाशी होत्या. मी उभाच होतो. भाषण पाठ केलं होतं, त्यातलं एकही वाक्य तोंडातून निघालं नाही. म्हटलं, "ती छत्री मीच. बाहेर कुणीही नाही. घसा बसल्याचं मी दारात ऐकलं होतं. घाबरू नको, मोठ्याने बोल."
हिच्या हातातला कप खाली ठेवला गेला.
भुंगा माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं रडेल किंवा ओरडेल. मी त्याची तयारी केली होती. तिने आधी उठून पडदा उघडला. बाहेर बघितलं. मग विचारलं की मैत्रिणीचं, बाथरूममध्ये रडल्याचं, ते सगळंही बाबांनीच वाचलं का? मी म्हटलं, हो. ती ‘शिकवायला लागतात’ म्हणाली होती तेही? हो. का केलंत, असं तिने विचारलं नाही. तरी मीच सांगितलं. मामाला सगळं सांगतेस, मला नाही, म्हणून. बोलल्यावर ते किती लहान वाटलं ते इथे लिहीत नाही.
ती टेबलाशी परत आली. मग म्हणाली, "तो माणूस त्रास देत होता तेव्हा मी बाबांना सांगितलं. आता हे मी कुणाला सांगू?"
मोठ्याने म्हणाली. आवाज चांगला मोकळा झाला आहे.
मला बऱ्याच गोष्टी सुचल्या. आईला सांग. मलाच सांग, मी ऐकतो, शिकवणार नाही. त्यातली एकही बोलण्याची माझी लायकी नव्हती. मी खिशातून फोन काढला, मेव्हण्याचा नंबर लावला आणि तिच्या हातात दिला.

त्याच दिवशी, थोड्या वेळाने
ती खोलीत आहे. दार लावलेलं आहे. आतून तिचा आवाज येतो, मामाचा येत नाही. तो ऐकून घेत असणार, त्याला ते जमतं.
मी अंगणात येऊन बसलो आहे. इथून शब्द कळत नाहीत. मध्येच रडते आहे असं वाटतं. उठून दाराशी जावंसं वाटतं, पण गेलो नाही. फोन माझा आहे, त्यामुळे आज शिकायला येणाऱ्या कुणालाच कळवता आलेलं नाही. डॉक्टरीणबाई येऊन गाडीजवळ उभ्या आहेत. त्यांना म्हटलं, थांबा जरा, माझा फोन आत आहे, मुलगी बोलतेय.